जुन्या स्टिरिओचा डिजिटल भाग: काय बदलावे आणि कशाला हात लावू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरील आपल्या घरी वडिलांनी १९९० च्या दशकात घेतलेला सीडी प्लेअर, त्याच्या जोडीचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत. शास्त्रीय गायन-वादनाच्या बऱ्याच सीडी आहेत. त्यांतील काही मध्येच अडकतात आणि एकूण आवाज पूर्वीपेक्षा कोरडा वाटतो. एका कारागिराने प्लेअर उघडून त्यातील डॅक चिप, ऑप-अ‍ॅम्प आणि क्लॉक, म्हणजे अनुक्रमे सीडीवरील आकड्यांपासून आवाजाचा संकेत बनवणारी चिप, तो संकेत सशक्त करणारी चिप आणि वेळेचे ठोके देणारा भाग, बदलण्याचा सल्ला दिला आहे. मोबाइल व टीव्हीचा आवाजही याच संचावर ऐकता यावा अशी आपली इच्छा आहे, आणि खर्च २५,००० रुपयांच्या आत बसवायचा आहे.

माझे मत असे की प्लेअरच्या आतील डिजिटल भागाला हात लावू नये. आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करण्याचे काम, म्हणजे डॅकचे काम, प्लेअरच्या बाहेर एका स्वतंत्र छोट्या पेटीकडे सोपवावे. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठेवावेत, मात्र त्यांची नीट देखभाल करून घ्यावी, कारण आपण वर्णन केलेला कोरडेपणा बहुधा तिकडूनच येत आहे.

सीडी अडकणे आणि आवाज कोरडा होणे या दोन तक्रारी एकाच कारणाच्या आहेत असे गृहीत धरल्यामुळेच कारागिराचा सल्ला पटण्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. सीडीवर माहिती लिहिताना ती अशा रीतीने विखुरलेली आणि जादा तपासणी-आकड्यांसह ठेवलेली असते की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडाही प्लेअर गणिताने पूर्णपणे भरून काढू शकतो. त्यापलीकडे तो आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो, आणि तेही जमले नाही तर टकटक ऐकू येते किंवा गाणे उडी मारते. वाचनातला दोष असा ठळकपणे समोर येतो; त्याने तानपुरा फिका किंवा आवाज रुक्ष होत नाही.

अडकण्याचे कारण यांत्रिक असते. लेन्सवर बसलेली धूळ, लेसरची सरक-पट्टी ज्या वंगणावर चालते ते वाळून घट्ट होणे, ट्रेचा रबरी पट्टा सैल पडणे, सीडी फिरवणारी मोटर थकणे किंवा लेसर क्षीण होणे, अशी ही कारणे साधारण याच क्रमाने तपासावीत. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने अगदी हलकेच पुसावी, कारण ती नाजूक तारांवर किंवा पात्यांवर तोललेली असते. हे करताना प्लेअरची वायर भिंतीतून काढलेली असावी. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो आणि चालू स्थितीत त्याच्याकडे पाहणे धोक्याचे आहे. लेसरच्या तळाशी असलेला छोटा स्क्रू फिरवून त्याची शक्ती वाढवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे सीडी तात्पुरती वाचली जाते, परंतु आधीच थकलेला लेसर लवकर संपतो. तो स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नका.

सीडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये, कारण वर्तुळाच्या दिशेने पडलेला ओरखडा ती सलग माहिती खातो आणि आडवा ओरखडा तुलनेने सहज भरून निघतो. अडकणाऱ्या सीडी घरी कॉपी केलेल्या आहेत का, हेही पाहावे. लिहिता येणाऱ्या सीडींवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, आणि मूळ सीडी बिनतक्रार वाजवणारा जुना प्लेअर अशा कॉपींवर अडखळतो.

आता डॅक चिपविषयी. सीडी प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला. पहिल्या पिढीत फिलिप्सने १४ बिटांचा कन्व्हर्टर चौपट ओव्हरसॅम्पलिंगच्या (मूळ आकड्यांच्या मध्ये गणिताने आणखी आकडे भरण्याच्या) जोडीने वापरला, तर सोनीने थेट १६ बिटांचा. पुढे फिलिप्सची टीडीए १५४१ ही १६ बिटांची चिप अनेक नामांकित प्लेअरमध्ये आली, आणि १९९० च्या आसपास बिटस्ट्रीम किंवा मॅश या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या एक-बिट पद्धती रूढ झाल्या. याचा अर्थ असा की आपल्या प्लेअरच्या काळापर्यंत हे तंत्र बरेच पक्व झालेले होते. आजच्या चांगल्या डॅकमध्ये गोंगाट आणि विकृती मोजमापात कितीतरी कमी असते हे खरे आहे. तथापि सीडीची स्वतःची १६ बिटांची मर्यादा सुमारे ९६ डेसिबल आहे, आणि पंखा चालू असलेल्या आपल्या बैठकीच्या खोलीत त्या मर्यादेच्या तळाशी काय चालले आहे हे कोणालाही ऐकू येत नाही. नव्या डॅकमुळे आवाज ओळखू न येण्याइतका पालटेल अशी अपेक्षा ठेवून तो घेऊ नका.

मग तो घ्यावाच का? तीन कारणांसाठी घ्यावा. जुन्या प्लेअरमध्ये चिपनंतरच्या भागात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (आत द्रव असलेले, वीज साठवणारे छोटे डबे) असतात आणि ते वर्षागणिक कोरडे पडतात. आपल्याकडे मार्च ते मे या काळात नाशिकचे कोरडे ऊन चाळीस अंशांपर्यंत जाते आणि संच बहुतेक घरांत बंद लाकडी शोकेसमध्ये असतो, त्यामुळे ही झीज लवकर होते. बाहेरचा डॅक हा सगळा जुना भाग वळसा घालून टाळतो. दुसरे, टीव्ही, संगणक आणि सीडी या तिन्ही स्रोतांना एकाच चांगल्या कन्व्हर्टरमधून जाता येते. तिसरे, उद्या प्लेअरचा लेसर संपला तरी आपली गुंतवणूक वाया जात नाही.

आतील चिप बदलण्याला माझा विरोध अनुभवातून आलेला आहे. जुन्या सर्किट बोर्डावरील तांब्याच्या पट्ट्या गरम सोल्डरिंग गनखाली सहज उचकटतात. वेगवान नवे ऑप-अ‍ॅम्प जुन्या जागी नुसते बसवले, त्यांच्या पायांलगत वीजपुरवठा स्थिर ठेवणारे योग्य बायपास कंडेन्सर दिले नाहीत, तर ते ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर आंदोलू लागतात, आणि त्याचा परिणाम गाण्यात कर्कशपणा म्हणून येतो. जुन्या, उत्पादन थांबलेल्या डॅक चिप्सच्या नावाने बनावट माल मोठ्या प्रमाणावर विकला जातो, आणि चिपवरची छपाई पाहून खऱ्या-खोट्याचा निवाडा करणे जाणत्यालाही कठीण जाते. क्लॉक बदलण्याचा तर आपल्याला काहीच लाभ नाही, कारण बाहेरचा डॅक आलेल्या संकेतातून वेळेचे ठोके स्वतः नव्याने बांधतो आणि आजच्या डॅकमध्ये हे काम उत्तम होते.

जोडणी अशी करावी. प्लेअरच्या पाठीमागे ‘डिजिटल आउट’ लिहिलेले एक छिद्र शोधा. ते नारिंगी किंवा काळ्या रंगाचे गोल असेल तर कोअ‍ॅक्सियल, आणि चौकोनी, आतून लाल प्रकाश देणारे असेल तर ऑप्टिकल. कोअ‍ॅक्सियलसाठी ७५ ओहमची केबल लागते, आणि ती महागडी असण्याची गरज नाही: जुन्या टीव्हीला व्हिडिओसाठी येणारी पिवळ्या टोकाची केबल नेमकी ७५ ओहमचीच असते आणि एक-दीड मीटरपर्यंत ती निर्दोष काम करते. एम. जी. रोडवरील कोणत्याही दुकानात ती मिळेल. ऑप्टिकल केबल मात्र तीव्र कोनात वाकवू नये. प्लेअरला डिजिटल आउट नसेलच, तर घरात किंवा नातेवाइकांकडे पडून असलेला डीव्हीडी प्लेअर पाहा. बहुतेक डीव्हीडी प्लेअरना कोअ‍ॅक्सियल आउट असतो, आणि बाहेरचा डॅक जोडल्यावर सीडी वाजवण्यासाठी तो कोणत्याही भारी प्लेअरइतकाच योग्य ठरतो.

डॅकमधून निघणारी जोडी अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ या जागी लावावी. ‘फोनो’मध्ये कधीही लावू नये, कारण ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी असते आणि खालच्या-वरच्या स्वरांचे प्रमाणही बदलते. इथे जुन्या संचांची एक अडचण सांगायला हवी. त्या काळातील अ‍ॅम्प्लिफायर साधारण १५० ते २०० मिलिव्होल्टवर पूर्ण ताकद देण्यासाठी बनवलेले असत, आणि डॅक २ व्होल्ट देतो. परिणामी व्हॉल्यूमची मूठ जेमतेम सरकवली तरी आवाज भरपूर होतो, आणि मुठीच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावा-उजवा तोल नेमका नसतो. रात्री हळू आवाजात ऐकताना गायिका एका बाजूला सरकल्यासारखी वाटते ती यामुळे. म्हणून स्वतःचा व्हॉल्यूम असलेला डॅक घ्यावा, तो १० ते १२ डेसिबलने खाली ठेवावा आणि अ‍ॅम्प्लिफायरची मूठ मधल्या भागात वापरावी. आजच्या डॅकमध्ये ही घट २४ किंवा ३२ बिटांच्या गणितात होते, त्यामुळे संगीताचा तपशील हरवत नाही.

नवा डॅक जोडल्यावर लगेच तो अधिक चांगला वाटेल, आणि त्या वाटण्यावर तत्काळ विश्वास ठेवू नये असे मी आग्रहाने सांगतो. दोन आवाजांपैकी किंचित मोठा आवाज मनाला नेहमी अधिक स्पष्ट व भरदार भासतो, मग फरक अर्ध्या डेसिबलचा का असेना. तुलना करायची असेल तर ४०० हर्ट्झचा स्थिर स्वर असलेली सीडी वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा आणि जुना व नवा मार्ग दोन टक्क्यांच्या आत जुळवा. हा फरक सुमारे ०.१७ डेसिबल होतो. मी १००० ऐवजी ४०० हर्ट्झ सांगतो, कारण स्वस्त मल्टिमीटर त्यापलीकडे अचूक राहत नाहीत. मग घरातील कोणाला तरी न सांगता अदलाबदल करायला सांगा. ऐकण्यासाठी विलंबित ख्यालाची सुरुवात घ्यावी. तानपुऱ्याची जवारी वरच्या स्वरांतील प्रत्येक दोष उघड करते, तबल्याच्या चाटीवरून कडकपणा कळतो आणि डग्ग्याच्या मींडेवरून स्पीकरचा खालचा भाग धड आहे की नाही ते समजते. या कसोटीत फरक जाणवला नाही, तरी डॅक घेणे चुकले असे समजू नका. जुन्या प्लेअरची झीज अजून तितकी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कोरडेपणाचा शोध अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरमध्ये घ्यावा, आणि इथे कारागिराचे खरे कौशल्य उपयोगी पडेल. स्पीकरच्या शंकूभोवतीची कड फोमची असेल तर ती दहा ते वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळू लागते. जाळी काढून बोटाने अगदी हलका स्पर्श केला तरी कळते. कड फाटली की खर्ज जातो, आणि उरलेला आवाज रुक्ष वाटणे स्वाभाविक आहे. शंकू चांगला असेल तर केवळ कड नवी बसवता येते, पूर्ण स्पीकर बदलावा लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचा रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) आणि स्रोत निवडण्याचे बटन यांच्या संपर्कबिंदूंवर पावसाळ्यातील दमटपणाने थर चढतो. एक बाजू हळू आवाजात गायब होते आणि मूठ वाढवली की अचानक परत येते, ही त्याची ओळख. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते. मोठे फिल्टर कंडेन्सर फुगलेले असतील किंवा त्यांची क्षमता मोजून कमी आली असेल तर ते बदलावेत, त्याच व्होल्टचे किंवा अधिक व्होल्टचे, १०५ अंशांच्या प्रतीचे, आणि खात्रीच्या वितरकाकडून. नाशिकमध्ये योग्य आकाराचे मिळाले नाहीत तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात; तिथेही पक्के बिल देणारे दुकानच निवडावे. अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्यानंतरही या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, म्हणून हे काम घरी करू नये.

टीव्ही जोडल्यावर घुमणारा ‘घूं’ असा आवाज येण्याची शक्यता आहे. सेट-टॉप बॉक्सला येणाऱ्या केबलचे अर्थिंग आणि आपल्या घराचे अर्थिंग यांच्यात फरक असला की त्या वर्तुळातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. अर्थिंगची पिन तोडून हा आवाज घालवण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकू नये, त्यात जिवाला धोका आहे. टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल घ्यावी. काच किंवा प्लास्टिकच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे ते वर्तुळच तुटते. टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवावे, अन्यथा साधा स्टिरिओ डॅक डॉल्बीचा संकेत समजू शकत नाही आणि शांतता किंवा खरखराट ऐकू येतो. घूं आवाज स्रोत कोणताही निवडला तरी येत असेल आणि थोडा वरच्या पट्टीतला, १०० हर्ट्झचा असेल, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या फिल्टर कंडेन्सरमध्ये शोधावा. वीज गेल्यावर घरचा संच इन्व्हर्टरवर चालत असेल आणि तो इन्व्हर्टर शुद्ध साइन-वेव्हचा नसेल, तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो व तापतो. अशा वेळी संच बंद ठेवणे उत्तम. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग भिंतीतून काढून ठेवावा, नुसते बटन बंद करून भागत नाही.

मोबाइलसाठी ब्लूटूथ सोयीचे आहे, पण त्यात संगीत दाबून पाठवले जाते. पाहुणे असताना ते ठीक आहे. एकाग्रतेने ऐकण्यासाठी वाय-फायवरून संगीत आणून वाजवणारी छोटी पेटी, म्हणजे स्ट्रीमर, किंवा रास्पबेरी पाय या लहान संगणकावर व्होल्युमिओसारखी प्रणाली घालून तो यूएसबीने डॅकला जोडावा. आणि मग आपल्या सीडींचे काम हाती घ्यावे, जे माझ्या मते या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचे आहे. अनेक मैफलींच्या सीडी आता पुन्हा छापल्या जात नाहीत, आणि चकतीवरील चकाकणारा थर कायम टिकेल याची हमी नसते. संगणकाला सीडी ड्राइव्ह लावून, प्रत्येक भाग पुन्हा वाचून पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या उतरवाव्यात. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे त्यातील जुने व भरवशाचे सॉफ्टवेअर आहे. फाइल फ्लॅक या स्वरूपात ठेवावी. ती आकाराने मूळच्या निम्म्याच्या आसपास होते आणि त्यातून मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. प्रती दोन असाव्यात, आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवावी.

उतरवताना दोन गोष्टींकडे बारकाईने लक्ष द्या. आपल्या संगीतात आलाप एका भागात संपून ख्याल पुढच्या भागात न थांबता सुरू होतो, म्हणून वाजवणारी प्रणाली दोन भागांच्या मध्ये क्षणभरही खंड न पाडणारी हवी. हे खरेदीपूर्वी विचारून घ्या. तसेच गायकाच्या नावाबरोबर राग, ताल आणि साथीदारांची नावे फाइलमध्ये लिहा, कारण इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या माहितीत ती बहुधा नसतात किंवा चुकीची असतात. १९८० च्या दशकातील काही सीडींवर उंच स्वर मुद्दाम वाढवून ठेवलेले असत आणि प्लेअर ते वाजवताना कमी करत असे. अशी सीडी उतरवल्यावर कर्कश वाटली तर प्लेअरवर तीच सीडी ऐकून ताडून पाहा. प्लेअरवर ती तशी कर्कश वाटली नाही तर उतरवलेल्या फाइलवर सॉफ्टवेअरने ही दुरुस्ती करता येते.

‘हाय-रेझ’ म्हणून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइल विकत घेण्याचा विचार असेल तर थांबावे. रेकॉर्डिंग आणि संपादन करणाऱ्यांना त्या जादा बिटांचा खरा उपयोग होतो. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ दर (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे स्वर पूर्णपणे सामावतो, आणि मोठ्या माणसांचे कान बहुतेक त्याच्या अलीकडेच थांबतात. तीन-सव्वातीन मिनिटांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून घेतलेल्या जुन्या गायनाला तर या जादा जागेत भरण्यासारखे काहीच नसते. तिथे आवाज कोणी, कोणत्या तबकडीवरून आणि किती काळजीने उतरवला यावर सारे अवलंबून आहे.

पैशांची वाटणी मी अशी करीन: डॅकसाठी दहा ते बारा हजार, स्पीकरची कड आणि अ‍ॅम्प्लिफायरची देखभाल यांसाठी सात-आठ हजार, आणि उरलेल्यातून रास्पबेरी पाय, साठवणुकीची डिस्क व केबल. आधी देखभाल करून घ्या आणि महिनाभर ऐका. डॅक त्यानंतर आणा, म्हणजे कोणत्या बदलाने काय साधले ते आपले आपल्यालाच कळेल. खोलीत गुळगुळीत फरशी आणि मोठ्या काचा असतील तर स्पीकरसमोर जाड सतरंजी अंथरा, खिडकीला जड पडदा लावा आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे घ्या. माझ्या अनुभवात या फुकटच्या सरकवण्याने डॅकपेक्षा अधिक फरक पडतो.

जुना प्लेअर विकू नये. आठवड्यातून एकदा तरी त्यावर पूर्ण सीडी वाजवत राहा, ट्रे आत-बाहेर करा, कारण न वापरल्याने त्याचे वंगण आणि रबरी पट्टा वापरण्यापेक्षा लवकर बिघडतात. प्लेअरच्या मागील पाटीवर २३० किंवा २४० व्होल्ट लिहिलेले आहे ना, तेही पाहून घ्या. वडिलांनी तो परदेशातून आणला असेल आणि पाटीवर १०० किंवा १२० व्होल्ट असेल, तर त्याच्या वॅटपेक्षा दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय तो सुरू करू नका.